दुपारचा दम

एप्रिल सरत आला की आमच्या प्लँटचे पत्रे बोलायला लागतात. ऊन थोडं वर आलं की पहिला आवाज येतो, कोणी छपरावर खडा मारल्यासारखा. मग दुसरा, मग पलीकडच्या टोकाला तिसरा. पत्रा तापून फुगतो, खिळ्यापाशी अडतो आणि कडकतो, एवढंच त्यातलं शास्त्र. दुपार होईपर्यंत हे आवाज थांबतात, कारण फुगायचं तेवढं फुगून झालेलं असतं. त्यानंतर शेडमध्ये जे असतं त्याला आवाज नसतो.

काल या हंगामातला पहिला खडा पडला तेव्हा मी मॅनेजरच्या खुर्चीत होतो. ही खुर्ची मला याच वर्षी मिळाली. त्याआधीची सगळी नोकरी मी शेजारच्या लॅबमध्ये काढली. आमची कंपनी बियाण्याची. जालन्याहून अंबडकडे निघालं की कारखान्यांची धुरकट रांग संपते आणि सुकलेल्या मोसंबीच्या बागा सुरू होतात, त्या दोन्हींच्या मधे आमचा प्लँट आहे. शेतकऱ्यांकडून आलेलं सोयाबीन इथं चाळलं जातं, त्याला औषध लावलं जातं, पिशव्या भरून शिवल्या जातात आणि मृगाच्या आधी माल दुकानात पोचतो. लॅबमधलं माझं काम उगवण तपासायचं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ती कपाटात ठेवायची. थोड्या दिवसांनी उघडून बघायचं, शंभरातले किती उगवले. सत्तरच्या खाली आलं की लॉट बाद. या कामानं माझा स्वभाव घडला. मला मोजता येतं त्यावर मी बोलतो, आणि मोजता येत नाही तिथं बहुतेक वेळा गप्प बसतो. आज ज्याबद्दल लिहितो आहे ते मोजता येत नाही, आणि गप्प बसणंही जमेना.

सोयाबीनचं बी फार नाजूक. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. आमच्याकडचे हमाल नवीन आले की त्यांना पहिला धडा हाच असतो, पोतं टाकायचं नाही, ठेवायचं. उगवणीच्या कपाटात पंचवीस अंश तापमान लागतं, जास्त नाही, कमी नाही. चांगले लॉट थंड गोदामात जातात, तिथं मे महिन्यात गेलं तर अंगावर काटा येतो. आणि तेच बियाणं पिशवीत भरणाऱ्या बाया पत्र्याखाली बसतात. लॅबमधून शेडमध्ये जायला एकच दार आहे. ते दार उघडलं की पंचवीस अंशांतला माणूस एका पावलात चव्वेचाळीस अंशांत जातो. इतकी वर्षं रोज मी ते दार उघडलं आणि रोज मला वाटलं की बियाणं असतो तर बरं झालं असतं.

हा फरक ज्या एका माणसाला सहन व्हायचा नाही ते म्हणजे आमचे जुने मॅनेजर, भाईजी. त्यांचं घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यात गेलेल्या. बोलणं आमच्यासारखंच, फक्त क्रियापदं कधी कधी मारवाडातून निघून मराठीत पोचेपर्यंत वाट चुकायची. कोणी नवखा त्यांना शेठ म्हणाला की ते चिडायचे. "अरे, शेठ असतो तर इथं तुझ्यासंगं घाम गाळत बसलो असतो का? मी नोकर आहे. तू बी नोकर. जल्दी कर."

भाईजी मवाळ होते असं कोणी समजू नये. रागावले की त्यांचा आवाज फाटकापर्यंत जायचा. लॉटची चिठ्ठी चुकीच्या पिशवीवर लागली तर ते दिवसभर सोडायचे नाहीत. मला त्यांनी किती वेळा फैलावर घेतलं याची गणतीच नाही. पण उन्हाळ्यात रोज जेवणाच्या वेळेला ते ऑफिसातून शेडमध्ये यायचे, दारात चपला काढायचे आणि अनवाणी त्या सिमेंटच्या फरशीवर उभे राहायचे. पाय पोळला की एक भुवई वर जायची. मग स्वतः भिंतीपाशी जाऊन, बटण दाबून, पिशव्यांचा पट्टा फिरवणारं मशीन बंद करायचे.

पहिल्या वर्षी मला ते फार अशास्त्रीय वाटलं. मी लॅबमधला थर्मामीटर घेऊन गेलो.

"भाईजी, पाय कशाला भाजता? मी रोज आकडा देतो ना तुम्हाला."

"किती हाय आज?"

"एक्केचाळीस."

"बराबर. आणि तुझ्या पाऱ्याला या फरशीवर पिशव्या शिवायच्यात का?"

"न्हाई."

"मंग त्याला काय इचारायचं? पाऱ्याला पाय न्हाईत रे बाबा."

आजूबाजूच्या बाया खोखो हसल्या. मी थर्मामीटर खिशात घालून परत फिरलो.

मशीन बंद केलं की भाईजी सुपरवायझरला एक वाक्य सांगायचे, आणि हा सगळा लेख त्या एका वाक्यापायी आहे. ते म्हणायचे, "बायांना दम द्या."

मराठी माणसाला दम म्हणजे काय ते सांगायला नको. दम घेतला म्हणजे विसावा घेतला. दम खाल्ला म्हणजे सबुरी धरली. दम लागला म्हणजे धाप लागली. आणि दम दिला म्हणजे धाक घातला, धमकावलं. एकाच श्वासाचे हे इतके अर्थ, पुढं कोणतं क्रियापद लावता त्यावर ठरतात. भाईजींच्या मनात होतं, बायांना दम घेऊ द्या. तोंडातून यायचं, दम द्या.

शेडमध्ये पिशव्या शिवायच्या मशीनवर केसरबाई बसायच्या. अंबडच्या अलीकडच्या एका गावातून दहा-बारा बाया काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायच्या, त्यांच्यात त्या सगळ्यात जुन्या. भाईजींना तोंडावर बोलायची हिंमत त्यांचीच.

"भाईजी, दम देऊन राह्यले का दम घ्यायला सांगून राह्यले? आधी नक्की करा. मंग आम्ही भ्यायचं का बसायचं ते ठरवतो."

"एकच ना बाई. बैस तू."

"एकच कसं? माझा नवरा देतो तो दम अन् तुमचा दम एकच व्हय?"

तेव्हापासून दुपारच्या त्या सुट्टीचं नावच दम पडलं. दम झाला का? दमाला भाजी काय आणली? आज दम उशिरा झाला. नवीन आलेला माणूस गोंधळायचा, मग आठवड्याभरात तोही तसंच बोलायला लागायचा.

ती दुपार मला अजून नाकाडोळ्यांनी आठवते. मशीन थांबल्यावर कानात राहिलेली घरघर. बियाण्याच्या औषधाचा तो उग्र, गोडसर वास आणि त्याचा लाल रंग बायांच्या नखांत, मनगटाच्या घड्यांत, बांगड्यांवर. साबणानं दोनदा धुवूनही जायचा नाही, म्हणून भाकरी फडक्यात धरून खायच्या. कांदा गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडल्याचा आवाज. बारदाना अंथरून ओळीनं आडव्या झालेल्या बाया, तोंडावर पदर, आणि पदराखालून चाललेल्या सुनांच्या, जावांच्या, पाण्याच्या टँकरच्या गोष्टी. हळूहळू एकेक आवाज विझत जायचा. मग नुसते श्वास. भाईजी दारातल्या सावलीत स्टुलावर बसून हिशोब न करता, फोन न घेता नुसते बाहेर बघत असायचे, वासराची राखण करावी तसे.

मी आकड्यांचा माणूस. एका वर्षी मी ठरवलं की या दमाचा फायदा सिद्ध करायचा. मालकांपुढं ठेवता येईल असं काहीतरी हातात पाहिजे, असं मला वाटत होतं. दमाआधीच्या पिशव्या, दमानंतरच्या पिशव्या, शिवणीतल्या चुका, सगळं मांडून बघितलं. सिद्ध काहीच झालं नाही. काम वाढलंही नव्हतं आणि नाव घेण्यासारखं घटलंही नव्हतं. मी खाली मान घालून भाईजींना सांगायला गेलो. ते हसले.

"वाढलं असतं तर मंग तो धंदा झाला असता ना. धंदा करायला मालक आहेत. हे आपलं निराळं आहे."

"पण वर कोणी विचारलं तर?"

"तर सांगायचं, माणसं आहेत, थकतात. यापेक्षा मोठं कारण लागतं का?"

आजकाल मोठमोठ्या शहरांत साहेब लोकांना शिकवतात म्हणे, की माणसांशी प्रेमानं वागा, त्यानं उत्पादन वाढतं. मला त्याची भीती वाटते. उद्या कोणी दाखवून दिलं की वाढत नाही, तर काय करणार? भाईजींच्या दयेला फायद्याचा टेकू नव्हता, म्हणून टेकू काढून ती पाडता येत नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

मग तो उन्हाळा आला.

त्या हंगामात देशमाने नावाचे नवे सुपरवायझर लागले. नदीकाठच्या हिरव्या मुलखातले, शेतीचे पदवीधर, वय जेमतेम पंचविशीच्या पुढं. अतिशय सज्जन माणूस. बायांना ताई म्हणायचे, हमालांना दादा. आमचं ऊन त्यांना नवीन होतं आणि आमची भाषाही. येऊन दोन-तीनच दिवस झाले होते, आणि नेमका त्या दिवशी भाईजींना परतूरकडं जावं लागलं. तिकडच्या शेतकऱ्यांचं बियाणं बघायचं होतं. मी नमुने घेऊन गावात गेलो होतो. त्यामुळं पुढचं मला नंतर कळलं, बायांकडून आणि देशमान्यांकडूनही. दोघांचं सांगणं जुळतं, म्हणून लिहितो.

भाईजींनी वाटेतून फोन केला. आवाज तुटत होता. "ऊन लई हाय आज," ते म्हणाले. "बायांना दम द्या. विसरू नका. सक्त सांगतो."

देशमाने फोन ठेवून विचारात पडले. आयुष्यात त्यांनी कोणाला दम दिला नव्हता. पण साहेबांनी सक्त सांगितलेलं, आणि नोकरी नवी. उन्हाच्या नावाखाली काम ढिलं पडत असणार, म्हणून साहेब असं म्हणाले, असा त्यांनी अर्थ लावला. तो अर्थ मराठीच्या कोणत्याही शब्दकोशाला धरून होता. ते शेडमध्ये गेले, एका पालथ्या खोक्यावर उभे राहिले आणि अंगातलं सगळं बळ गोळा करून ओरडले, "आज मशीन बंद होणार नाही. जी जागेवरून उठेल तिनं उद्यापासून यायचं नाही."

बाया हसल्या. त्यांना वाटलं गंमत करतायत. भाईजींची नक्कल चालली आहे असं एकीला वाटलं. केसरबाई म्हणाल्या, "साहेब, असा न्हाई देत दम."

हे वाक्य मी किती वर्षं तोंडात घोळवतो आहे. केसरबाई त्यांना शिकवत होत्या. तुम्ही नवे आहात, आमच्याकडं दम असा नसतो, बटण बंद करा, बसा, असं त्यात होतं. देशमान्यांना ऐकू आलं आव्हान. ते कावरेबावरे झाले, कान तापले, आणि ते म्हणाले, "मग तुम्हीच पहिल्या. तुम्ही उद्या येऊ नका."

केसरबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि पुढची पिशवी मशीनखाली घेतली. त्यांची जागा पश्चिमेच्या भिंतीला होती. दुपार कलली की ती भिंत तव्यासारखी होते. बाकीच्या बायांनी दोन-चारदा उठून पाणी पिलं. केसरबाई उठल्या नाहीत. जिला उठायचं नाही असं सांगितलं ती उठलीच नाही. त्यात भीती किती आणि अभिमान किती, हे आता कोण सांगणार?

भाईजींची गाडी फाटकात शिरली तेव्हा बायांचा आरडाओरडा ऐकू येत होता. केसरबाई जमिनीवर होत्या. अंग कोरडं, घाम थांबलेला, डोळे उघडे पण ओळख नाही. सरकारी दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या गेल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी होतो. देशमाने भिंतीला टेकून खाली बसले होते. ते भाईजींना म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणालात ना, दम द्या?"

भाईजींच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू शब्द त्यांच्या आत उतरत गेला, आणि तो कुठं जाऊन लागला ते मी बघितलं. पुन्हा तसा चेहरा मला बघायचा नाही.

"हां," ते म्हणाले. "म्हणालो. मीच म्हणालो."

एवढंच. तुम्हाला अक्कल नव्हती का, असं ते म्हणू शकले असते. उन्हात कोणी बायांना धमकावतं का, असं विचारू शकले असते. मालकांना देशमान्यांचं नाव सांगून मोकळे होऊ शकले असते, मालकही तेच सांगा म्हणत होते. भाईजींनी सांगितलं, "शब्द माझा होता." केसरबाईंच्या घरीही ते स्वतः गेले, देशमान्यांना बरोबर घेऊन, मीही होतो. केसरबाईंचा मुलगा देशमान्यांच्या अंगावर धावला. भाईजी मधे उभे राहिले.

"त्याला न्हाई, मला मार. माझी जीभ चुकली."

"जीभ चुकल्यानं माणूस मरतं का?" मुलगा ओरडला.

"मेलं ना बाबा," भाईजी म्हणाले. मग ते मटकन ओट्यावर बसले आणि मुलाचा वर गेलेला हात तसाच राहिला.

केसरबाईंची सून, सुनीता, दाराच्या चौकटीत उभी होती. तिला सासूच्या जागेवर काम देऊ असं भाईजींनी सांगितलं. तिनं एकच विचारलं, "दुपारचं मशीन बंद व्हईल का?"

"व्हईल."

"तुम्ही नसले तरी?"

"मी नसलो तरी."

त्या हंगामाचे उरलेले सगळे दिवस भाईजी दुपारी देशमान्यांना शेडमध्ये घेऊन यायचे. "बस," म्हणायचे. शिक्षा म्हणून नाही. पहिल्या दिवशी बायांनी तोंडं फिरवली. देशमान्यांनी डबा उघडलाच नाही. पुढं कधीतरी एकीनं त्यांच्याकडं चटणीची पुडी सरकवली आणि ते डबा मांडीवर ठेवून हमसून रडले. भाईजी बाहेर बघत राहिले. आणि एक झालं, दम हा शब्द भाईजींनी परत उच्चारला नाही. मशीन बंद करायचे आणि "थांबा" म्हणायचे. बाया मात्र दमच म्हणत राहिल्या. कारण तो शब्द केसरबाईंनी रुळवला होता.

भाईजी जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर आलेल्या मॅनेजरांनी बाकी पुष्कळ बदललं, पण दुपारच्या दमाला कोणी हात लावला नाही. दिलेला शब्द त्यांना माहीत होता की नुसती सवय होती, मला ठाऊक नाही. देशमाने मोठे होत गेले. आता ते मुख्य कार्यालयात आहेत, आमच्यासारखे कितीतरी प्लँट त्यांच्या हाताखाली.

काल त्यांचाच फोन आला.

यंदा पाऊस लवकर आहे असं हवामानवाले सांगतायत, दुकानदार माल मागतायत, दोन लॉट बाद झाल्यानं आधीच उशीर झालाय. सगळं खरं. मग ते म्हणाले, "माल जाईपर्यंत दुपारचं मशीन चालू ठेवावं लागेल."

शेडचा पत्रा कडकला.

"ऐकताय ना?"

"तुम्ही बसला होतात तिथं," मी म्हणालो.

"मला सांगायची गरज नाही," देशमान्यांचा आवाज अगदी खाली आला. "रोज माझ्या ध्यानात असतं. रोज. पण हे माझ्याही वरून आलंय. मी नाही म्हणालो तर माझ्या जागी दुसरा बसून हेच सांगेल. कूलर पाठवतो दोन."

"कूलरला पाणी लागतं. इथं प्यायचं पाणी टँकरनं येतं."

"मग तुम्हीच सांगा मी काय करू," ते म्हणाले, आणि मला कळलं की तो माणूस खरोखर विचारतो आहे. माझ्याकडं उत्तर असेल अशी त्याला आशा होती. नव्हतं.

घरी चहाच्या वेळी बायकोला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"तुम्ही न्हाई म्हणलं तर?"

"मला काढतील. दुसरा येईल, तो चालू ठेवील."

"अन् व्हय म्हणलं तर?"

"मी चालू ठेवीन."

"मंग दुसऱ्यालाच ठिवू द्या की," ती म्हणाली. "तुमच्या हातानं कशाला?"

पोरीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी आहेत. माझं वय बावन्न. या वयात उगवण तपासणाऱ्याला कोण दारात उभं करतं? हे सगळं मी तिला सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो, कारण मी देशमान्यांचंच वाक्य माझ्या आवाजात बोलत होतो. माझ्या जागी दुसरा. त्यांच्या जागी दुसरा. वर जावं तसा दुसराच दुसरा, आणि ज्यानं सुरुवात केली तो कुठं दिसतच नाही.

भाईजींनी त्या दिवशी देशमान्यांना वाचवलं नसतं तर? दोष त्यांच्या डोक्यावर पडू दिला असता, नोकरी जाऊ दिली असती, तर आज तो फोन आला नसता का? आला असता. दुसऱ्या कोणाचा. मग वाचवून काय साधलं? माणूस वाचला, हे साधलं. पण ती दया पुढं गेली नाही. देशमान्यांच्या आत ती जपून ठेवलेली आहे, मी ती काल त्यांच्या आवाजात ऐकली, थंड गोदामातल्या चांगल्या लॉटसारखी. पेरलीच गेली नाही. बियाणं नीट जपलं तर शंभरातले किमान सत्तर दाणे उगवतील असं मी सही करून सांगू शकतो. माणसावर केलेल्या दयेबद्दल मी काय सही करू? खुर्चीतल्या माणसाला चांगुलपणा दाखवायला थोडी जागा लागते, आणि ती जागा प्रत्येक हंगामाला बोटभर कमी होत जाते. भाईजींकडं एक बटण तरी होतं. माझ्याकडं फक्त ते बटण दाबू नका असं सांगायचं काम आलं आहे.

आज दुपारी मी शेडमध्ये गेलो. सुनीतानं नेहमीसारखं मशीन बंद केलं होतं, बारदाना अंथरला होता. ती आता त्या बायांत सगळ्यात जुनी आहे. केसांत पांढरं दिसायला लागलं आहे. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते चालता चालता जुळवलं होतं, ते सगळं विस्कटलं.

"बसा की साहेब," सुनीता म्हणाली. लॅबमध्ये होतो तोवर ती मला भाऊ म्हणायची.

"नको, मी जरा..."

"बसा वो. तोंड किती उतरलंय."

"साहेबाला ऊन लागलं वाटतं," एक तरणी पोर पदराआडून म्हणाली. "एसीतल्या माणसाला आमची हवा बाधती." सगळ्या हसल्या. कोणीतरी पोतं सरकवलं, कोणीतरी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी बसलो. पाणी पिलो. पाणी कोमट होतं.

"आम्हाला कळलंय," सुनीता म्हणाली. "सकाळीच कळलं. काळीपिवळीवाला सांगून राह्यला व्हता, तुमच्या हापिसातूनच ऐकलं म्हणे त्यानं. बिलकुल बसायचं न्हाई, का थोडं तरी बसायचं? किती वेळ, तेवढं सांगा."

हसू थांबलं होतं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तोंड उघडलं. मला फक्त एक आकडा सांगायचा होता, आयुष्यभर मी तेच तर करत आलो. ओठ हलले असतील, आवाज आला नाही.

सुनीतानं भाकरीचं फडकं गुंडाळून ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुम्हाला न्हाई जमायचं."

ती उठली. पदर डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती गुंडाळला, गाठ मारली. भिंतीपाशी गेली आणि तिनंच मशीन चालू केलं. पट्टा फिरायला लागला. एकेक करत बाकीच्या उठल्या, लुगडी झटकली, आपापल्या जागेवर गेल्या. ती पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि तिनं पहिली पिशवी मशीनखाली घेतली.

मी रिकामा पेला धरून पोत्यावर तसाच बसून होतो. मला कोणी ऊठ म्हणालं नाही.